वॉर्मर नंबर नऊ

सोळा वर्षं पार्कसाइटच्या चढावर
माझ्या खांद्याला निळा डबा, आत बर्फाच्या चार पिशव्या
आणि तोंडात एकच पाढा:
दीड महिना, अडीच महिना, साडेतीन.
दारावर खडूची खूण करायची, पुढच्या पायऱ्या चढायच्या.
कुणाचं बाळ आत्ताच झोपलेलं असायचं,
कुणाचा नवरा म्हणायचा, टोचलं की ताप येतो, माझा खाडा होतो.
सगळ्यांसाठी उत्तर तयार असायचं माझ्याकडे.

आज बावीस ऑगस्ट.
माझी मुलगी बेचाळीस दिवसांची झाली
आणि तिच्या जन्माला अजून चार आठवडे आहेत.

वेड्यासारखं वाटतं ना?
पण अकरा जुलैला आली ती,
यायची होती एकोणीस सप्टेंबरला.
एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम.
माझा डबा रिकामा असतानाही तिच्याहून जड भरतो.
सासूबाई म्हणतात, सातव्यातलं तगतं.
बारसं राहिलंय.
कार्डावर 'बेबी ऑफ वैजयंती', पुढची रेघ कोरी.
खाली लसींचे चौकोन मात्र छापून तयार,
ते नावासाठी अडून बसत नाहीत.

काल केणी मॅडम म्हणाल्या, उद्या टोचू. तुम्हाला काय सांगायचं!
आणि मी म्हटलं
ते, सगळ्या आया म्हणतात ते, अगदी त्याच आवाजात:
थोडं वजन होऊ दे ना, मॅडम.
पोटातच असायची हो ती अजून.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.
हसणं, पालथं पडणं, बसणं
सप्टेंबरपासून मोजा, म्हणाल्या,
तिथे उशीर माफ आहे तिला.
पण जंतूंना तुमचा सप्टेंबर ठाऊक नाही.
ती हवेत आली त्या दिवसापासून ते मोजतायत.

पाठ होतं मला हे.
पाठ होण्याआधी, नोकरीच्या पहिल्या वर्षी,
नळाजवळच्या खोलीतल्या रुक्सारला मी म्हटलं होतं,
फार लहान आहे गं, दोन महिन्यांनी आण.
तिचं पोर डांग्या खोकल्याने निळं पडायचं.
वाचलं. आता दहावीला आहे, लांबूनच मला हात करतं.
रुक्सारने मला कधी काही विचारलं नाही.
तिचं ते न विचारणं
मी डब्याबरोबर वाहत आलेय.

दुपारी सव्वातीनला लॉर्ना सिस्टरने मांडी धरली,
माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी जाड.
मी नकळत बोटाने जागा दाखवली.
त्या हसल्या नाहीत.
अर्धा मिलीलिटर, म्हणजे पूर्ण डोस.
बाळ लहान म्हणून कमी भरत नाहीत
हे किती जणींना सांगितलंय मी,
आणि आज सिरिंजवरची रेघ दोनदा वाचली.

रडली.
एवढा आवाज तिच्यात आहे
हे मला माहीत नव्हतं.

रात्रभर तिच्या पायाला लाल दिव्याची पट्टी.
इतक्या लवकर आलेली बाळं टोचल्यावर
कधी कधी श्वास घ्यायचा विसरतात,
म्हणून दोन दिवस नजर ठेवायची.
दोन वाजून दहा मिनिटांनी विसरली.
आकडा घसरला, घंटी वाजली,
रात्रपाळीच्या मुलीने तळपायाला टिचकी मारली,
अगं ए, म्हणाली,
आणि हिला आठवलं.
मी खुर्चीचा दांडा सोडला तेव्हा
तळहातावर त्याची नक्षी उमटली होती.

सकाळी कार्ड मागून घेतलं.
तारीख माझ्याच अक्षरात टाकली.
शेजारी पुढच्या डोसची लिहायची असते, चार आठवड्यांनंतरची.
सोळा वर्षांत कधी बोटं लागली नव्हती,
आज बोटांवर मोजली,
परत मोजली,
आणि लिहिली:
एकोणीस सप्टेंबर.